उद्योगांच्या अनुदानाला कायद्याचा पाया हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यात अमुक हजार कोटींची गुंतवणूक येणार, अशी बातमी आली की तिच्या शेवटच्या परिच्छेदात ‘या प्रकल्पांना सामूहिक प्रोत्साहन योजनेअंतर्गत सवलती देण्यात येतील’ असे एक वाक्य बहुधा असते. गेली सव्वीस वर्षे मराठवाड्यातील लघुउद्योगांचे हिशेब तपासत असल्यामुळे माझी नजर मथळ्याआधी त्या वाक्याकडे जाते. त्या सवलतींमागे नेमका कोणता कायदा उभा आहे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर असे की, सवलतींच्या एका मोठ्या भागामागे विधिमंडळाने केलेला कोणताही स्वतंत्र कायदा नाही. आहे तो शासन निर्णय, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतला जीआर.

गेल्या उन्हाळ्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक तरुण कारखानदार माझ्या टेबलावर फाइल ठेवून बसला. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर, अटींच्या अगदी तळाशी ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून’ असे शब्द होते आणि त्यांच्याखाली त्याने निळ्या पेनने दोनदा रेघ ओढली होती. पात्रता प्रमाणपत्र मिळाले होते, दाव्याची छाननी झाली होती, रक्कमही मंजूर झाली होती. पैसे मात्र अडीच वर्षांत आले नव्हते. यंत्रे कर्जावर घेतलेली, हप्ते सुरू झालेले आणि बँकेला दिलेल्या प्रकल्प अहवालात अनुदानाची रक्कम तिसऱ्या वर्षीच्या जमेत धरलेली. (तो अहवाल मीच तयार केला होता, तेव्हा दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो.) संबंधित कार्यालयात त्याला दर वेळी चहा मिळाला आणि ‘ज्येष्ठता यादीनुसार होईल’ हे उत्तर मिळाले. त्याने मला सरळ विचारले, ‘सर, हे येणे आहे की बक्षीस?’

प्रश्न साधा वाटतो, पण ताळेबंदावर सही करणाऱ्याला तो टाळता येत नाही. सरकारी अनुदानांविषयीचे लेखामानक १२ सांगते की, अटी पूर्ण होतील याची वाजवी खात्री असेल आणि रक्कम शेवटी हाती पडेल याची पुरेशी निश्चिती असेल, तरच ती पुस्तकात घ्यावी. ‘निधी उपलब्ध झाल्यास’ या शर्तीवर निश्चितीची सही कोणी करायची? मी ती रक्कम ‘येणे’ दाखवली नाही. परिणामी बँकेच्या लेखी त्याचे भांडवल कमी पडले आणि सीसी खात्याची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जखात्याची, मर्यादा वाढली नाही. शासनाने मंजूर केलेले पैसे त्याच्या कागदावर कुठेच नव्हते.

हे असे का होते, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. महाराष्ट्राने पहिली सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ साली आणली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले उद्योग मागास भागांत जावेत, हा तिचा हेतू. पुढे १९७९, १९८३, १९८८ आणि १९९३ च्या योजनांत मुख्य आकर्षण होते ते विक्रीकराच्या माफीचे किंवा स्थगितीचे. माफी मिळालेला कारखानदार कर भरतच नसे आणि स्थगिती मिळालेला तो वर्षानुवर्षांनी भरे. दोन्ही प्रकारांत पैसा त्याच्याच गल्ल्यात राहत असे. आणि ही माफी विक्रीकर कायद्याने दिलेल्या अधिकारातून येत असल्यामुळे तिला कायद्याचे छत्र होते. नंतरच्या योजनांत माफीची जागा परताव्याने घेतली आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर तर ती वाट पुरती बंद झाली. आता कारखानदाराने राज्याचा जीएसटी आधी भरायचा, मग त्याच्याशी जोडलेले औद्योगिक प्रोत्साहन अनुदान मागायचे आणि वाट पाहायची. बदल हिशेबाच्या पद्धतीपुरता वाटतो, पण त्यात धोका कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला, ते उघड आहे.

गंमत अशी की, एकाच पात्रता प्रमाणपत्रातील सवलतींची कायदेशीर ताकद वेगवेगळी असते. मुद्रांक शुल्काची माफी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खालील आदेशाने मिळते आणि विद्युत शुल्काच्या माफीला २०१६ चा विद्युत शुल्क अधिनियम आहे. या दोन्ही बाबतींत दुय्यम निबंधकाला किंवा वीज कंपनीला ‘निधी नाही’ असे सांगता येत नाही, कारण तिजोरीतून पैसे द्यायचे नसतात, फक्त कारखानदाराकडून घ्यायचे नसतात. रोख परताव्याला मात्र असा आधार नाही. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १६२ खालील कार्यकारी अधिकारातून आणि सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची मुभा देणाऱ्या अनुच्छेद २८२ मधून निघतो. शिवाय अनुच्छेद २६६ आणि २०४ नुसार विनियोजनाच्या, म्हणजे खर्चाला दरवर्षी मंजुरी देणाऱ्या, कायद्याशिवाय एकत्रित निधीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही. म्हणजे योजना पाच वर्षांची, अनुदानाचा कालावधी त्याहून लांबचा आणि तरतूद मात्र दरवर्षी नव्याने. अर्थसंकल्पात ती कमी पडली तर पुरवणी मागण्यांची वाट पाहायची. त्यातही कमी पडली तर पुढच्या मार्चची.

शासनाने शब्द फिरवला तर न्यायालये काय म्हणतात, याचा इतिहास मोठा आहे आणि तो कारखानदाराला पूर्ण दिलासा देणारा नाही. कानपूरच्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्सला वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी उत्तर प्रदेश सरकारने तीन वर्षांच्या विक्रीकर माफीचे आश्वासन दिले आणि कारखाना उभा राहिल्यावर ते मागे घेतले. सर्वोच्च न्यायालयाने न्या. भगवती यांच्या निकालात सांगितले की, ज्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली त्याला तो शब्द मोडता येत नाही, हे विबंधाचे तत्त्व सरकारलाही लागू आहे. हा निकाल १९७९ च्या निर्णयसंग्रहांत आहे आणि आजही प्रत्येक याचिकेत तो आधी येतो. पण १९९४ च्या कासिंका ट्रेडिंग खटल्यात त्याच न्यायालयाने, सार्वजनिक हिताची गरज असेल तर सवलत मुदतीआधीही मागे घेता येते, असे सांगितले. जीएसटीनंतर हिरो मोटोकॉर्पच्या प्रकरणात १७ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल लागला. २००३ च्या धोरणानुसार दहा वर्षे शंभर टक्के उत्पादन शुल्क माफी मिळेल, या भरवशावर हरिद्वारला कारखाना उभारलेल्या या कंपनीला जीएसटीनंतर केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्केच परतावा मिळू लागला होता. कायद्याविरुद्ध विबंध चालत नाही, असे सांगून न्यायालयाने उरलेल्या रकमेची मागणी फेटाळली. मात्र कंपन्यांनी राज्य सरकारांकडे व जीएसटी परिषदेकडे दाद मागावी, असेही सुचवले.

या मालिकेत माझ्या मते सर्वांत उपयोगी निकाल झारखंडचा आहे. तेथील २०१२ च्या औद्योगिक धोरणाने स्वतःची वीज तयार करणाऱ्या कारखान्यांना पाच वर्षे विद्युत शुल्कात ५० टक्के सूट जाहीर केली आणि सर्व विभागांनी महिन्याभरात अधिसूचना काढाव्यात असे सांगितले. अधिसूचना निघाली जानेवारी २०१५ मध्ये आणि तीही पुढच्या काळापुरती. ब्रह्मपुत्र मेटॅलिक्स या कंपनीने मधल्या वर्षांची सूट मागितली. १ डिसेंबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. आपण मर्जीनुसार खैरात वाटणारे सार्वभौम आहोत, ही वसाहतकाळातील समजूत राज्याने सोडून द्यावी, अशा आशयाचे शब्द त्यात आहेत. माझ्या कारखानदाराच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर कोणी दिलेले माझ्या वाचनात नाही. अडचण इतकीच की ते मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, वकिलाची फी भरावी लागते आणि जिल्हास्तरावर ज्या कार्यालयाशी उद्या पुन्हा काम पडणार आहे, त्याच्याविरुद्ध उभे राहावे लागते. वीस कामगारांचा कारखाना चालवणारा माणूस हे करत नाही. तो आणखी एक स्मरणपत्र लिहितो.

इथे एक विसंगती नोंदवल्याशिवाय राहवत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई विकास अधिनियम सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. ते कमी पडले म्हणून की काय, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये भर घालून अशा थकलेल्या देण्याची वजावटही आता प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत रोखली जाते. मार्च महिन्यात आमच्या कार्यालयात या एका कलमामुळे किती फोन येतात, ते सांगत नाही. लघुउद्योजकाचे पैसे थकवणे हे इतके वाईट मानणारे शासन स्वतः मंजूर केलेल्या अनुदानाला ना मुदत घालून घेते, ना व्याज देते.

बरे, पैसे आल्यावर तरी ते सगळे त्याचे असतात का? पूर्वी निदान अनुदानाचा हेतू पाहिला जाई. पुण्याच्या चाफळकर ब्रदर्स प्रकरणात महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना दिलेली करमणूक शुल्काची सवलत ही चित्रपटगृहे उभी राहावीत म्हणून होती, म्हणून ती भांडवली जमा आहे आणि तिच्यावर आयकर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवले. पण तो वाद जुन्या वर्षांचा होता. वित्त अधिनियम, २०१५ ने उत्पन्नाच्या व्याख्येतच अनुदान, प्रोत्साहन, शुल्कपरतावा हे सारे घालून ठेवले होते. अपवाद मुख्यतः यंत्रासारख्या मालमत्तेच्या किमतीतून वजा होणाऱ्या रकमेचा. त्यामुळे राज्याने मागास तालुक्यात कारखाना यावा म्हणून दिलेल्या शंभर रुपयांतून केंद्र आपला कर कापून घेते. राज्यांनी यावर कधी जोरदार आक्षेप घेतल्याचे मला आठवत नाही.

आता दुसरी बाजू. मी लघुउद्योजकांची बाजू मांडतो आहे, पण करदाता म्हणून मला हेही कळले पाहिजे की कोणाला किती दिले आणि त्या बदल्यात काय मिळाले. मोठ्या प्रकल्पांसाठी मंत्रिमंडळाची उपसमिती नेहमीच्या योजनेपलीकडे खास सवलती मंजूर करू शकते. किती गुंतवणूक येणार आणि किती रोजगार होणार, हे आकडे त्याच संध्याकाळी वाहिन्यांवर येतात. किती वर्षांत किती रक्कम द्यायची, कोणत्या अटींवर, अट मोडली तर परत कशी घ्यायची, हे त्या पट्टीवर कधी दिसत नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये घेणाऱ्या शेतकऱ्याचे नाव गावनिहाय यादीत संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मग कोटींचे प्रोत्साहन घेणाऱ्याच्या नावाबाबत एवढा संकोच का असावा? व्यापारी गुपिताचे कारण पुढे केले जाते. ते उत्पादनाच्या पद्धतीला लागू होईल. सरकारी तिजोरीतून निघालेल्या पैशाला ते लावता येत नाही.

युरोपीय संघात चित्र उलटे आहे. तिथे स्पर्धा बिघडवणारे सरकारी साहाय्य मुळात निषिद्ध आणि परवानगी हा अपवाद. संघाच्या कार्यपद्धतीच्या कराराचे अनुच्छेद १०७ व १०८ सांगतात की, असे साहाय्य आधी युरोपीय आयोगाला कळवायचे आणि मान्यता मिळेपर्यंत द्यायचे नाही. बेकायदा दिलेले साहाय्य व्याजासह परत घ्यावे लागते, देणाऱ्या सरकारची इच्छा नसली तरी. आयर्लंडने ॲपलला दिलेल्या कर सवलतीचे सुमारे १३ अब्ज युरो वसूल करा, असे आयोगाने २०१६ मध्ये सांगितले. आयर्लंडचे सरकार ते नाकारत ॲपलच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी संघाच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. एवढे पैसे मिळू नयेत म्हणून सरकारने आठ वर्षे भांडावे, हा प्रकार आपल्या अर्थखात्याला विनोद वाटेल. पण राज्याराज्यांत सवलतींची चढाओढ लागली की सरकारे कशी वागतात, त्याचा तो नमुना आहे. ब्रिटनने संघातून बाहेर पडल्यावर स्वतःचा सबसिडी नियंत्रण कायदा २०२२ मध्ये केला. तो ४ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. ठरावीक रकमेपुढील प्रत्येक सबसिडी तिथे सार्वजनिक नोंदवहीत चढवावी लागते आणि ती पाहून प्रतिस्पर्धी व्यावसायिक स्पर्धा अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो.

आपल्याकडे राज्यांच्या चढाओढीला आवर घालणारी अशी यंत्रणा नाही. स्पर्धा आयोग कंपन्यांमधील स्पर्धा पाहतो, सरकारांमधील नव्हे. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा कोणी किती जास्त देऊ केले यावर आपल्याकडे महिनाभर रण माजले होते. पुढच्याच जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि ते रण कशासाठी होते, हे विचारायला कोणी उरले नाही.

देशाबाहेर मात्र आपल्यालाही नियम आहेत आणि त्यांचा चटका महाराष्ट्राने घेतला आहे. जागतिक व्यापार संघटनेचा सबसिडीविषयक करार निर्यातीशी बांधलेल्या सबसिडीला मनाई करतो. भारताच्या निर्यात योजनांविरुद्ध अमेरिकेने केलेल्या तक्रारीत तज्ज्ञमंडळाचा निकाल ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या विरोधात गेला. साखर निर्यातीला २०१९-२० च्या हंगामात टनामागे १०,४४८ रुपये साहाय्य होते, पुढच्या हंगामात ६,०००. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये साखरेचा निकालही विरोधात लागला. दोन्ही निकालांवर भारताने अपील केले. अमेरिकेशी असलेला वाद २०२३ मध्ये आपसांत मिटला; साखरेचे अपील मात्र, तिथले अपील मंडळच नियुक्त्यांअभावी बंद असल्याने, तसेच पडून आहे. आपल्या साखरपट्ट्यात हा विषय ‘परक्यांचा कावा’ म्हणून सांगितला जातो. त्या तक्रारींमागे स्वार्थ आहेच, पण निकालातील कलमे आपण सही केलेल्या करारातीलच आहेत.

तेव्हा विधिमंडळाने उद्योग अनुदानासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी माझी मागणी आहे. परवाने एका खिडकीतून मिळावेत म्हणून राज्याने २०२३ मध्ये कायदा केला; पैशांसाठीही तो करता येईल. त्यात मंजूर दाव्याला मुदत असावी आणि उशिराला व्याज असावे. पुढील वर्षांत देय होणाऱ्या एकूण रकमेचे विवरणपत्र दरवर्षी अर्थसंकल्पासोबत सभागृहापुढे यावे. खास सवलत देताना कारणे लेखी नोंदवावीत आणि ती प्रकाशित करावीत. रोजगाराची अट मोडली तर वसुली कशी होईल, हे प्रत्येक करारनाम्याच्या कलमांवर न सोडता कायद्यात लिहावे. यावर अधिकारी वर्गातील एका स्नेह्यांनी मला आक्षेप सांगितला की, व्याजाची सक्ती आली तर तिजोरीवर बोजा पडेल आणि शासनाचे हात बांधले जातील. मला हा आक्षेप पटत नाही. जेवढे देणे शक्य आहे तेवढेच जाहीर करावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ. आज जाहीर मोठे करायचे आणि रांग लावून द्यायचे, यात बोजा कमी होत नाही. तो कारखानदाराच्या सीसी खात्यावर जातो आणि त्याचे व्याज तो भरतो.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या (नियंत्रक व महालेखापरीक्षक) अधिकारांबाबतही एक सूचना आहे. १९७१ च्या अधिनियमातील कलम १५ नुसार विशिष्ट प्रयोजनासाठी अनुदान दिले असेल, तर अटी पूर्ण झाल्याची खात्री मंजुरी देणारे प्राधिकारी कशी करतात, ती पद्धत कॅगने तपासायची असते. मोठ्या प्रकल्पांपुरता हा तपास दरवर्षी स्वतंत्र अहवालात यावा आणि लोकलेखा समितीने त्यावर बसावे.

कायदा व्हायला वेळ लागेल, हे मान्य. पण लाभार्थ्यांच्या यादीसाठी थांबण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायच्या माहितीत बारावी बाब अनुदान कार्यक्रमांची आहे: अंमलबजावणीची रीत, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील. प्रोत्साहन योजनेतील प्रत्येक घटकाचे नाव, तालुका, मंजूर रक्कम, मंजुरीची तारीख आणि प्रत्यक्ष पैसे दिल्याची तारीख असा पाच रकान्यांचा तक्ता उद्योग विभागाने संकेतस्थळावर टाकला, तर शेवटचे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून माझ्या कारखानदाराला आपला क्रमांक स्वतःच वाचता येईल.

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल,
छत्रपती संभाजीनगर